खाकी पट्टा हिरवा कसा झाला

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या माळावर ११ मार्च १७९५ रोजी पेशव्यांची आणि निजामाची फौज समोरासमोर आली, तेव्हा त्या गर्दीतल्या कोणालाही लपायचे नव्हते. झेंडे, निशाणे, हत्ती, रंगीत पागोटी, दोन्हीकडच्या कवायती पलटणींचे गणवेश, सगळा मामला दिसण्याचाच होता. निजामाकडे फ्रेंच सरदार रेमाँच्या पलटणी होत्या, शिंद्यांकडे पेराँच्या. काळ्या बारुदीचा धूर एकदा दाटला की आपला कोण आणि परका कोण हे अंगावरच्या रंगावरूनच कळायचे. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखालच्या मराठी फौजेने निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडले आणि त्याला तह करावा लागला. ती लढाई आपण शाळेत शिकलो. पण त्यानंतरच्या दीडशे वर्षांत शिपायाच्या अंगावरचा रंग कसकसा बदलत गेला, हे आपल्याकडे कोणी फारसे सांगत नाही. तो बदल शिपायाच्या पट्ट्यावर, पिशवीवर आणि पिस्तुलाच्या केसवर चांगला वाचता येतो. इंग्लंडात असे जुने लष्करी पट्टे, त्यातही युद्धात रंगवलेले, जमवणारे लोक आहेत आणि ते त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. ज्या वस्तू ते जमवतात त्यांतल्या कितीतरी आपल्या माणसांनी अंगावर वागवल्या, काही तर आपल्याच देशात विणल्या आणि शिवल्या गेल्या.

रंग बदलला तो बंदुकीमुळे. १८८० च्या दशकात बिनधुराची बारूद आली, नव्या रायफली दूरवर मारा करू लागल्या, आणि उठून दिसणे म्हणजे मरणे झाले. मातकट कपडे त्याआधीच हिंदुस्थानात सुरू झाले होते. पेशावरकडच्या गाइड्स पलटणीसाठी हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात ते वापरात आणले. मात्र कपडे खाकी झाले तरी कमरेचा पट्टा आणि काडतुसांची पेटी चामड्याचीच राहिली. चामडे पावसात भिजले की फुगते, उन्हात वाळले की तडकते, आणि पॉलिश नाही केले की सडते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रजांना या सामानाचा चांगलाच मनस्ताप झाला. त्यावर उपाय निघाला जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा, म्हणजेच वेबिंगचा. अँसन मिल्स या अमेरिकी अधिकाऱ्याने काडतुसांसाठी विणलेला पट्टा आधीच शोधून काढला होता. त्याच्या नावाने चालणाऱ्या लंडनच्या मिल्स कंपनीने मेजर बरोज या अधिकाऱ्याच्या मदतीने इंग्रजी पायदळासाठी पूर्ण साज बनवला. तोच १९०८ चा नमुना. छातीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच छोटे पाऊच, प्रत्येकात पंधरा गोळ्या, म्हणजे एकूण दीडशे. पाठीवर पॅक, बगलेला हॅवरसॅक आणि पाण्याची बाटली. सगळे एकमेकांत असे अडकवलेले की कमरेचे बक्कल सोडले की आख्खा साज अंगरख्यासारखा उतरवता येई.

हे वेबिंग ज्यांनी कधी हातात घेतले नाही त्यांनी जुन्या खाटेची नवार आठवावी. तीच वीण, फक्त तिप्पट जाड आणि काठाला घट्ट. एनसीसीत गेलेल्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. पितळी बक्कल ब्रासोने घासून चमकवलेला तो पट्टा याच घराण्यातला.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रेन ही नवी हलकी मशीनगन आली आणि पाऊचचा आकार बदलला. ब्रेन गन प्रत्येक तुकडीची मुख्य ताकद ठरली, तेव्हा तिची वाकडी मॅगझिन्स सगळ्यांनी मिळून वाहायची असे ठरले. म्हणून १९३७ च्या नमुन्यात छातीवर दोन मोठे चौकोनी पाऊच आले. त्यांत ब्रेनची मॅगझिन्स मावत, हातबॉम्ब मावत, पुढे टॉमी गनचीही मॅगझिन्स मावू लागली. अधिकाऱ्यांना आणि रणगाड्यावरच्या शिपायांना पाऊचऐवजी पिस्तुलाची केस मिळे. हीही कापडीच, आतल्या बाजूला मोहोर मारलेली. दुसरे महायुद्ध लढले गेले ते मुख्यत्वे या ३७ च्या नमुन्यावर.

महायुद्धात लाखो हिंदी शिपायांना हा साज पुरवायचा तर विलायतेहून आलेला माल पुरणार नव्हता. कानपूरला हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी होती, कूपर अॅलनसारख्या चामड्याच्या मोठ्या कंपन्या होत्या. तंबू, बूट, जिन, पट्टे, सगळ्यांचा भार या देशातल्या कारखान्यांवर पडला. मिल्स कंपनीच्या मागांवर पाऊचचा आकार विणतानाच साधला जाई. इथे तसे रुंद माग नव्हते, म्हणून अनेकदा अरुंद पट्ट्या एकमेकांना शिवून रुंदी काढत, कडेला फीत लावत, आणि जाडसर कॅनव्हास वापरून भागवत. संग्राहक हिंदुस्थानी बनावटीचा पट्टा लांबूनच ओळखतात आणि काहीजण नाकही मुरडतात. माझ्या मते हे नाक मुरडणे चुकीचे आहे. ज्या मागावर चादरी आणि तंबू विणले जात त्याच्याकडून जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी सैन्याचा साज उभा करणे सोपे नव्हते. काडतुसेही इथलीच. पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातल्या .३०३ गोळीच्या बुडावर 'के' आणि 'एफ' या इंग्रजी अक्षरांमध्ये बाणाचे चिन्ह असे. तो बाण म्हणजे सरकारी मालाची खूण. कॅनडाच्या मालावर तो 'सी' अक्षरात, दक्षिण आफ्रिकेच्या मालावर 'यू' अक्षरात, आणि आपल्याकडच्या मालावर 'आय' अक्षरासोबत येतो.

आता नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे वळू. नगर तेव्हाही छावणीचे गाव. रणगाडे आणि चिलखती गाड्यांचे शिक्षण देणारी फायटिंग व्हेइकल्स स्कूल युद्धकाळात इथे होती. १९३८ मध्ये सिंध हॉर्स या रिसाल्याने घोडे सोडून गाड्या घेतल्या, आणि त्यामागोमाग एकेक रिसाला इंजिनावर आला. घोड्यावरून उतरून लोखंडी पेटीत शिरलेल्या सवाराला रायफल वागवायला जागा नव्हती. त्याला मिळाले रिव्हॉल्व्हर आणि त्याची खास केस. सुरुवातीची केस लांब पट्ट्याने मांडीवर लोंबे, वर तोंड उघडे आणि पुढच्या बाजूला सहा काडतुसांच्या घरांची ओळ. दिसायला ऐटदार, पण रणगाड्याच्या झाकणातून वर येताना ती नेमकी कुठेतरी अडके, आणि आग लागलेल्या रणगाड्यातून बाहेर पडताना असे अडकणे म्हणजे काय ते सांगायला नको. पुढे ती आखूड करून कमरेला आणली. नगरच्या किल्ल्यात तेव्हा, ऑगस्ट १९४२ पासून, नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेसची कार्यकारिणी कैदेत होती. किल्ल्याच्या तटाबाहेर तीच सत्ता हिंदी तरुणांना रणगाडे चालवायला शिकवत होती. किल्ल्यातल्या कैद्यांना आणि बाहेरच्या शिपायांना एकमेकांबद्दल काय वाटत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्या काळाबद्दल लिहिताना आपण बहुधा यातली एकच बाजू सांगतो.

वाळवंटात खाकी वेबिंग शोभून दिसे. मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण लढली, तेव्हा तिथल्या उघड्या खडकाला तो मातकट रंग मिळताजुळता होता. पलटणीच्या छावणीत मात्र ब्लँको नावाचा उद्योग चाले. शेफिल्डच्या पिकरिंग कंपनीची ही भुकटीची वडी पाण्यात कालवून ब्रशने पट्ट्यावर फासायची, सुकू द्यायची आणि पुन्हा तपासणीला उभे राहायचे. खाकीच्या नि हिरव्याच्या अनेक छटा होत्या, प्रत्येकीला क्रमांक होता, आणि कोणत्या पलटणीने कोणती वापरायची हे हुकूम सांगत. शत्रूपासून लपण्यापेक्षा सुभेदाराच्या नजरेत भरण्यासाठी ब्लँको जास्त खर्ची पडला असावा.

ब्रह्मदेशात हे सगळे कोसळले. १९४२ च्या माघारीत आणि १९४३ च्या आराकान मोहिमेत लक्षात आले की जंगलात खाकी माणूस दुरून दिसतो. हिरव्या बांबूच्या बेटात पिवळसर खाकी ठिपका म्हणजे जपानी नेमबाजाला आयते निशाण. वेबिंगची अवस्था तर आणखी वाईट. पावसात ते भिजून आकसे, जड होई, धातूची टोके गंजून बक्कलात रुतत, आणि काही आठवड्यांत कापडाला बुरशी लागे. मग सैन्याने उपाय केला तो साधा. जे आहे ते रंगवा. शर्ट-पँटी हिरव्या रंगात बुडवल्या, पट्टे आणि पाऊच बुडवले, जिथे बुडवण्याची सोय नव्हती तिथे रंग फासला. टॉवेल आणि रुमालसुद्धा हिरवे झाले, कारण झुडपावर वाळत घातलेला पांढरा टॉवेल अख्ख्या तुकडीचा पत्ता सांगतो. घाईघाईने दिलेला रंग घामाने आणि पावसाने उतरे, मानेवर आणि बगलेत पसरे. आज संग्रहात दिसणारे १९४१–४२ ची मोहोर असलेले आणि हिरव्या रंगाखाली मूळ खाकी डोकावणारे पट्टे बहुधा याच काळातले.

रंगापाठोपाठ शिक्षणही बदलले. १९४३ मध्ये १४ व्या हिंदी डिव्हिजनला छिंदवाड्याला आणि ३९ व्या डिव्हिजनला सहारनपूरला ठेवून, आघाडीवर जाणाऱ्या रंगरूटांना आधी जंगलात राहायला शिकवायचे ठरले. छिंदवाडा म्हणजे आपल्या विदर्भाला लागून, पांढुर्ण्याच्या पलीकडे. सातपुड्याच्या रानात शिकलेली ही पोरे पुढे इंफाळकडे गेली.

या हिरव्या साजाची कसोटी मणिपूरच्या सांगशाक गावात लागली. मार्च १९४४. जपानची १५ वी सेना सीमा ओलांडून येत होती. उख्रूलच्या रस्त्यावर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. कर्नल ट्रिम तिचा प्रमुख. ती ब्रिगेडियर होप-थॉमसनच्या ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली आली. जपान्यांची ५८ वी रेजिमेंट मोठ्या संख्येने पुढे आली, तेव्हा ही मिश्र फौज सांगशाकच्या टेकडीवर एकवटली. टेकडीवर पाणी नव्हते. खोल खंदक खणायला खडक आडवा येई. विमानातून टाकलेले सामान बरेचसे शत्रूच्या हाती पडे. २१ ते २६ मार्च असे हे चालले. मराठे आणि गुरखे दिवसरात्र हातघाईला आले, चर्च असलेल्या टेकाडासाठी पुन्हा पुन्हा लढाई झाली, आणि २६ च्या रात्री उरलेल्यांना जंगलातून वाट काढून इंफाळला जाण्याचा हुकूम मिळाला. जपान्यांचे हे दिवस फुकट गेले. कोहिमा आणि इंफाळला सैन्य जमवायला तेवढा वेळ मिळाला. सांगशाकचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. असायला हवे.

त्याच सुमारास युरोपात दुसरी गोष्ट चालली होती. इटलीत जंगल नव्हते, खाकी वेबिंग चालून जाई. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर ८ व्या हिंदी डिव्हिजनने शेवटचा मोठा हल्ला केला. त्यात 'जंगी पलटण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या मराठा पलटणीत नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोपे होते. नदीचे दोन्ही काठ उंच, मधे पाणी, पलीकडे सुरुंग आणि मशीनगन. पलीकडच्या काठावर धडधाकट उरलेल्या मोजक्या माणसांत ते होते. जखमींना त्यांनी एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगपट्ट्यातून अलीकडे आणले. मग पुन्हा पलीकडे जाऊन टॉमी गन घेऊन मशीनगनच्या घरट्यावर धावले. हाताला जखम झाल्यावर टॉमी गन टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले की सरपटत जाऊन आणखी आणले. तीन मशीनगन बंद केल्या, बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना दिली आणि बाकीच्यांना पलीकडे बोलावले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या दोन मराठा शिपायांपैकी ते एक. दुसरे यशवंत घाडगे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबरच्या खोऱ्यात लढता लढता गेले. अशा लढाईत हातबॉम्ब आणि मॅगझिन्स बाळगायला छातीवरचे मोठे पाऊचच उपयोगी पडले. ३७ च्या नमुन्याची आखणी याचसाठी झाली होती.

इकडे जंगलासाठी खास साज मागायला १९४३–४४ मध्ये मेजर जनरल लेथब्रिजचे पथक हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि पॅसिफिकभर फिरले. त्यातून १९४४ चा नमुना निघाला. मुळातच हिरवा, हलका, न कुजणारा, अॅल्युमिनियमची बाटली आणि तिला कप. उत्तम साज. पण तो १९४५ मध्ये पोहोचला तोवर युद्ध संपत आले होते. ज्या माणसांच्या घामाने तो सुचला त्यांना तो फारसा मिळालाच नाही. तो पुढे मलायाच्या रानात वापरला गेला.

मग हे सगळे सामान गेले कुठे? शिपाई निवृत्त झाला की पट्टा, पाऊच, हॅवरसॅक सगळे क्वार्टरमास्टरकडे जमा करावे लागे. ते सरकारी. म्हणजे आजोबांनी पाठीवर वागवलेली पिशवी घरी आली असण्याची शक्यता कमी. घरी आले ते डिस्पोजलचे. युद्ध संपल्यावर तंबू, जीप, बूट, कॅनव्हास, बाटल्या आणि पट्टे लिलावात निघाले. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात या मालाने रस्ते भरले. आख्ख्या छावण्या रिकाम्या पडल्या. कल्याणच्या लष्करी कॅम्पात तर फाळणीने आलेल्या सिंधी निर्वासितांना बराकी मिळाल्या, आणि तेच आजचे उल्हासनगर. डिस्पोजलची हॅवरसॅक शाळेचे दप्तर झाली, पट्टा बैलगाडीला बांधला गेला, वापरून वापरून फाटला. इंग्लंडात हे सामान माळ्यावर पडून राहिले म्हणून तिथे त्याला संग्रहमूल्य आले. आपल्याकडे ते कामाला लागले, म्हणून नाहीसे झाले.

त्यात आणखी एक गंमत. स्वातंत्र्यानंतरही भारतीय सैन्याने ३७ चा नमुना सोडला नाही. १९६२ मध्ये नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) बर्फात आपले जवान .३०३ रायफल आणि याच घराण्यातले पट्टे घेऊन लढले. पोलिसांनी, होमगार्डने, एनसीसीने तो पुढेही वापरला. म्हणून माळ्यावरच्या पट्ट्याला 'दुसऱ्या महायुद्धाचा' म्हणण्याआधी मोहोर बघावी. कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला किंवा पाऊचच्या झाकणाच्या आत कारखान्याचे आद्याक्षर, साल आणि बाण असतो. साल १९५० च्या पुढचे निघाले तर तो पट्टा स्वतंत्र भारताचा, आणि त्याचीही आपली किंमत आहेच.

रंगवलेल्या वेबिंगचे संग्राहक सर्वांत जास्त फसतात. माल्टाच्या वेढ्यात (१९४०–४२) तिथल्या फौजेने शिरस्त्राणांवर आणि गाड्यांवर बेटावरच्या दगडी कुंपणासारखे चित्तरकाम केले, ते जगभर प्रसिद्ध. पॅराशूट दळाच्या डेनिसन सदऱ्यांवर सुरुवातीला ब्रशानेच रंग दिला गेला. त्यामुळे रंगवलेला पट्टा किंवा पिस्तुलाची केस म्हटली की किंमत कितीतरी पटीने वाढते. आणि किंमत वाढली की जुन्या, बिनरंगाच्या पट्ट्यावर आज रंग फासणारेही वाढतात. ओळखायचे कसे? युद्धात रंगवलेल्या पट्ट्याला वापराच्या खुणा असतात. घड्यांवर रंगाला भेगा, बक्कल घासले जाते तिथे रंग उडालेला, विणीच्या खाचांत मळ. जुना रंग विणीत मुरतो, नवा वर बसतो. साज जोडलेला असताना रंगवला असेल तर पट्ट्यांखालचे कापड कोरे राहते. जोडलेल्या साजात ज्या जागी ब्रश पोहोचूच शकत नाही तिथेही रंग निघाला, तर साज सुटा करून रंगवला होता का आणि कोणी, असा प्रश्न विचारावा. अतिनील दिव्याखाली युद्धकाळचा सुती दोरा सहसा निळसर चमकत नाही, आजचा चमकतो. मात्र पुढे कोणी तो साबणपावडरीत धुतला असेल तर तीच चमक जुन्यातही येते, म्हणून या एका खुणेवर निर्णय देऊ नये. विकणाऱ्याने सांगितलेली कथा कितीही गोड असली तरी ती कापडाच्या आधी ऐकू नये.

नगरमध्ये आज कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून. तिथे रणगाडे बघायला शेकडो लोक येतात आणि ते बघायलाच हवेत. पण रणगाड्यात बसणाऱ्या माणसाच्या कमरेला काय होते, पाठीवर काय होते, त्यावर कोणता रंग होता, हे सांगणारी सामान्य घरांतली वस्तू कोणीतरी जपायला हवी. जामखेड, श्रीगोंदा, पारनेर, संगमनेर, पाथर्डी या भागांत सैन्यात गेलेल्यांची घरे पुष्कळ. घरातली जुनी ट्रंक उघडली आणि मळका, हिरवट, रंग उडालेला पट्टा हाती लागला, तर त्याला धुऊ नका, घासू नका, नवा रंग तर मुळीच देऊ नका. आतली मोहोर नीट वाचा, तिचा फोटो काढा, आणि तो पट्टा कोणाचा, कोणत्या पलटणीचा, किंवा कोणत्या बाजारातून किती सालच्या सुमारास आला, हे ज्यांना ठाऊक आहे ते हयात असताना विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. चिठ्ठीविना उरलेला पट्टा नुसता पट्टा असतो. आणि पट्ट्यासोबत काडतूस, हातबॉम्ब किंवा पिस्तूल निघाले तर हात लावू नका, थेट पोलीस ठाण्यात कळवा. शस्त्र कायद्याला आजोबांचे शौर्य मोजता येत नाही, आणि जुन्या बॉम्बला तर वयाची जाणीवच नसते.